भादव्यातला डोंगर

मी खोटी तार करवून रजा घेतली होती. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं डोंगर येईल, धुकं येईल, तेरड्याची फुलं येतील, आणि त्या सगळ्यात माझी चूक हळूच झाकली जाईल. सहा वर्षं मी तेच करत आलो आहे. डोंगराचा विषय निघाला की मी ऋतूंबद्दल बोलत सुटतो आणि माणसाबद्दल गप्प राहतो.

परवा ऑफिसात पुन्हा विषय निघाला. नव्यानं लागलेल्या एका कारकुनाचं लग्न ठरलंय. त्याला बायकोला घेऊन मेळघाटात जायचंय. आता ते जंगल वाघांसाठी राखीव झालंय, वर्तमानपत्रात फोटो येतात. त्यानं आम्हा दोघांना विचारलं, "मेळघाटला जायला सगळ्यात चांगला मोसम कोणता हो?" आम्ही दोघं म्हणजे मी आणि किसन वाघमारे. प्रश्न साधा होता. बाहेर भादव्याचा पाऊस होता, मधेच ऊन पडत होतं, आणि ओल्या पोत्यांचा वास दारातून आत येत होता. मी टाक खाली ठेवला. उत्तर किसननं दिलं. काय दिलं ते सांगतो, पण आधी किसन कोण ते सांगायला हवं.

येलदरीच्या धरणावर आम्ही पाणी मोजतो. काठाला उतरत गेलेल्या पायऱ्या आहेत, पायऱ्यांच्या कडेला आकडे रंगवलेली पट्टी. पाण्याची रेघ ज्या आकड्याला टेकते तो वाचायचा, वहीत लिहायचा, फोनवर सांगायचा. एरवी हे काम कुणीही करील असं. पण पावसाळ्यात पूर्णा फुगली की दर तासाला आकडा लागतो. त्याच्यावर दरवाजे किती उघडायचे ते ठरतं, आणि दरवाज्यांवर खालच्या गावांची झोप. त्या दिवसांत आम्ही दोघं आळीपाळीनं बसायचो. एक उठला की दुसरा बसायचा. तिसरा माणूस नव्हता.

किसन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी मी त्याला 'अरे किसन' म्हणायचो आणि तो मला 'तुमी माधवराव'. मी पाथरीकडच्या शेतकरी घरातला. तो पूर्णेच्या काठच्या एका गावातला, त्याच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. आम्ही एका डब्यात जेवायचो, एका वहीत लिहायचो. त्यामुळं आमच्यात काही अंतर नाही असं मला वाटायचं. ते 'तू' आणि 'तुमी' माझ्या कानाला तेव्हा कधी टोचलं नाही.

मेळघाट आमच्या बोलण्यात आला तो किसनच्या बापामुळं. दगडूबा तरणाताठा असताना तेंदूची पानं तोडायच्या कामाला तिकडं गेला होता, दोन उन्हाळे. पुढं हे धरण बांधलं जात असताना त्यानं इथं दगड-माती वाहिली. पण धरणाबद्दल तो कधी बोलायचा नाही, बोलायचा ते डोंगराबद्दल. एका ओढ्यावर पहाटे तो पाणी भरायला वाकला होता आणि समोरच्या काठाला एक रानगवा पाणी पीत होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही पाणी पीत राहिले. एवढीच गोष्ट. पण ती सांगून झाली की म्हातारा विचारायचा, "तो वढा आटला न्हाई नं आजून?" जसं काही आम्हाला ठाऊकच असणार.

किसनची इच्छा एवढीच होती की बापाला घेऊन एकदा तिथं जायचं. म्हणून तो उन्हाळ्याच्या बाजूनं भांडायचा.

"उन्हाळ्यात काय बघायचं तिथं? धूळ?" मी म्हणायचो.

"बा म्हणतो, उन्हाळ्यात डोंगराची हाडं दिसतात. जनावर पाण्यावर येतं. पावसाळ्यात नुसतं हिरवं. हिरवं तर आपल्या शेताच्या धुऱ्यावर बी हाय की."

"अरे, डोंगर हिरवाच बघावा. धबधबे असतात, ढग खाली उतरतात."

"ढग बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? हे काय, मुंडक्यावर हायेत."

"नाव वाघमारे, आणि वाघ बघितला नाही अजून. शोभतं का?"

"म्हणून तर उन्हाळ्यात जायचं. वाघाला बी तहान लागती, माधवराव. पावसाळ्यात तो कशाला येतोय तुमच्या भेटीला!"

असं चालायचं. चहा संपायचा, पट्टीवरचा आकडा बदलायचा, आमचं भांडण संपायचं नाही. ठरलं एवढंच होतं की जायचं ते तिघांनी, दगडूबा पुढं आणि आम्ही त्याच्या मागं.

माझ्या डोक्यात भादवा भरला तो एका कॅलेंडरमुळं. धरणावरच्या विश्रामगृहात एक कॅलेंडर टांगलेलं असायचं. त्याच्या सप्टेंबरच्या पानावर डोंगराचं चित्र होतं: हिरवीगार कडेकपार, पांढरी धार, कड्यावर वाकलेलं एक झाड. ते पान कुणी उलटायचंच नाही. बहात्तरच्या दुष्काळात धरणाचा तळ भेगाळला, चिखलात मासे मेले, पाखरं आली आणि तीही निघून गेली, तेव्हा मी रोज त्या चित्रापुढं उभा राहायचो. ज्या माणसाचं कामच पाणी मोजणं आहे, त्याला मोजायला पाणी नसलं की तो कसा होतो ते मला सांगता येणार नाही. त्र्याहत्तरला पाऊस आला. लोक लेकरंबाळं घेऊन नुसतं भरलेलं पाणी बघायला धरणावर यायचे, कठड्याला टेकून उभे राहायचे. आणि मला त्या कॅलेंडरातला डोंगर हवा होता. लगेच हवा होता. आता सप्टेंबर गेला तर तो पुन्हा यायचा नाही, असं मला खरोखर वाटत होतं.

पण भादव्यात पाणी मोजणाऱ्याला रजा नसते. रजा मिळायची ती एकाच कागदावर. त्या काळी सरकारी नोकरीतल्या माणसांना हा कागद चांगला माहीत होता. गावाकडच्या कुणाला तरी सांगून ठेवायचं. तो तारघरात जायचा आणि तार यायची, 'मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली'. साहेबांनाही ठाऊक असायचं की यातल्या निम्म्या आया ठणठणीत असतात. तरी आईच्या नावापुढं कुणी वाद घालत नसे. पाथरीच्या माझ्या चुलतभावानं ती तार केली. आईला मी आधीच कळवलं होतं, 'यंदा महालक्ष्म्याला रजा मिळत नाही, येता येणार नाही.' म्हणजे इकडं एक खोटं आणि तिकडं दुसरं, आणि मधल्या फटीतून मी निघालो.

तार वाचून किसन माझ्याकडं बघत राहिला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "जा तुमी. हितलं मी बघतो," म्हणाला. मी पिशवी उचलली तेव्हा त्यानं खुंटीवरची आपली छत्री काढून माझ्या हातात दिली.

"अरे, तुला पायऱ्यांवर लागंल."

"मला पोत्याची खोळ हाय. मायला दवाखान्यात न्यावं लागलं तर भिजवू नका तिला."

काळी छत्री, बांबूचा दांडा. कापडावर पांढऱ्या रंगानं नाव काढलेलं: कि. द. वाघमारे. तेव्हा छत्र्यांवर नावं काढायची पद्धतच होती, हरवू नये म्हणून. ती छत्री घेऊन मी जिंतूरला उतरलो. पाथरीच्या गाडीकडं गेलो नाही, वाशीमच्या गाडीत बसलो. मग अकोला, परतवाडा, घाटातली वळणं, चिखलदरा.

आता डोंगराचं सांगायचं तर काय सांगू? मला डोंगर दिसला नाही.

तीन दिवस धुकं होतं. सकाळी दार उघडलं की दाराशीच पांढरं. चार हातांवरचं झाड दिसायचं, पाचव्या हातावरचं नाही. पायाखाली तेरडा होता, ओला, जांभळा-गुलाबी, आणि तो मला खूप आवडलाही. कड्याच्या टोकाला जाऊन बसलो की खाली कुठं तरी पाणी पडत असायचं. आवाज मोठा, पाणी दिसत नाही. चहाच्या टपरीवर एक म्हातारा होता. मी त्याला चिडून विचारलं, हे कधी निघणार? तो हसायला लागला. "तुम्हाला कोनं सांगतलं आत्ता याले? चार महिने डोंगर आमालेबी दिसत नाही, भाऊ." मी विचारलं, मग यायचं तरी कधी? तो म्हणाला, "उन्हाळ्यात या. नाही तं हिवाळ्यात. आत्ता कोनी येते काय?" मला किसनची आठवण झाली. ती मी चहाबरोबर गिळून टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कड्यावर छत्री उघडून बसलो होतो. वरून थेंब पडत होते, छत्रीच्या कापडातून ती पांढरी अक्षरं उलटी दिसत होती. खालच्या धुक्यातून कुणी तरी लांब हाक मारली. गुराखी असेल, गुरांना हाकत असेल. शब्द कळले नाहीत. पण ती हाक मलाच आहे असं वाटून मी उठून उभा राहिलो आणि 'ओ' दिली. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मोकळ्या पांढऱ्यात मी 'ओ' दिली, आणि पलीकडून काहीच आलं नाही. मग मात्र मला तिथं थांबवेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी निघालो.

वाटेत एक मुक्काम पडला. येलदरीला पोचलो तर पायऱ्यांवर जिंतूरहून आलेला अनोळखी माणूस आकडा वाचत होता. आमचे शिपाई गफूरभाई दारातच भेटले.

"आव माधवराव. अम्मा की तबियत कैसी है अब?"

"बरी आहे. किसन कुठंय?"

"किसन का बाप गुजर गया, मियाँ. परसों दोपहर में. मिट्टी भी हो गई, तब जाके उसको छुट्टी मिली."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी किसनचा चुलतभाऊ सायकलीवर आला होता: दगडूबा अखेरचा आहे, पोराला बघायचं म्हणतो. पाणी चढत होतं. साहेब म्हणाले, बदली माणूस उभा कर आणि जा. बदली माणूस म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, माधव येतो का? "तो किसन क्या बोला मालूम? बोला, नक्को बुलाव साहब, उसकी माँ बहुत बीमार है." गफूरभाईंनी डोळे पुसले. "ऐसा दोस्त नक्को मिलता, मियाँ."

मी घरी जाऊन अंथरुणावर पडलो. खरं सांगायचं तर त्या दुःखात एक बारीकसं हायसं वाटणं होतं. किसनला काही कळलेलं नाही. माझी आई आजारीच आहे असं तो समजतोय. हेच मला आज सगळ्यात जास्त छळतं. त्याचा बाप गेला होता आणि मी माझ्या खोट्याची खुशाली बघत होतो.

किसन आला. डोकं भादरलेलं नव्हतं, त्यांच्यात तसं काही करत नाहीत; पण चेहरा सोलल्यासारखा दिसत होता. त्याचं गाव धरणाच्या खालीच, काठावर. तो पायऱ्यांवर बसून ज्या गावासाठी आकडे सांगत होता, त्याच गावात त्याचा बाप दाराकडं तोंड करून पडला होता. मी छत्री त्याच्या हातात दिली. वाळवून, घडी नीट घालून. त्यानं विचारलं, "माय कशी हाय?" मी म्हणालो, "बरी आहे." तो म्हणाला, "बरं झालं." छत्री त्यानं खुंटीला लावली.

दिवाळीला मी पाथरीला गेलो. आई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. सूप न थांबवताच ती बोलायला लागली.

"भादव्यात एक कंडक्टर आला व्हता दारात. म्हणला, माधवराव हायेत का? येलदरीहून निरोप हाय, त्यांच्या दोस्ताचा बाप लय बिमार हाय, त्यांना लवकर लावून द्या. मी म्हणलं, बाबा, त्यो तर येलदरीलाच हाय. महालक्ष्म्याला सुदीक रजा न्हाई मिळाली लेकराला. तर त्यो म्हणतो, मावशी, तुमीच आजारी हाव म्हणून ते आलेत की! म्हणलं, मला काय धाड भरलीया? ही बघ, उभी हाय तुझ्यापुढं!"

सुपातला कोंडा उडत होता.

"त्यो गेला. अन् मी बसले उंबऱ्यात. तू हितं न्हाईस, तिथं न्हाईस. पाच-सहा दिस घास उतरला न्हाई घशाखाली. मंग त्योच कंडक्टर आला. म्हणला, वाघमारेंनी सांगावा धाडलाय, माधवराव सुखरूप आलेत, फिकीर करू नका."

आमच्याकडं निरोप असेच जातात. येलदरीच्या गाडीचा कंडक्टर जिंतूरला पाथरीच्या गाडीच्या कंडक्टरला सांगतो, तो दारात जाऊन सांगतो, आणि उत्तर त्याच वाटेनं माघारी येतं. म्हणजे किसनला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. कळल्यानंतर तो साहेबांना म्हणाला होता की उसकी माँ बहुत बीमार है. आणि बापाच्या मातीनंतर गावाला जाऊन परत आल्यावर, मला 'माय कशी हाय' विचारल्यावर, त्यानं माझ्या आईला सांगावा धाडला होता. ती घाबरली असेल हे त्याच्या ध्यानात आलं होतं. माझ्या नाही.

आईनं सूप खाली ठेवलं. "कुठं व्हतास ते मी इचारत न्हाई. पण माझ्या नावानं पुन्ना असलं काय धाडू नको. मरण एकदा बोलावलं की दार हुडकत फिरतं."

मी शिकलेला माणूस आहे. तारेनं मरण येत नाही हे मला समजतं. पण गेली सहा वर्षं भादवा आला, पायऱ्यांवर पाणी चढायला लागलं, की मला ती तार दिसते. ती पाथरीहून निघते, माझ्या आईच्या दारावरून पुढं जाते, आणि काठाकाठानं चालत खालच्या गावात एका उघड्या दाराशी थांबते. मी कड्यावर 'ओ' दिली तो दिवस आणि दगडूबा गेला तो दिवस एकच होता. दुपारही तीच. ताडून बघायचं नाही असं ठरवूनही मी ताडून बघितलं.

आणि त्यानंतरही आम्ही सहा वर्षं एकत्र काम केलं. त्याला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. तो उठला की मी बसायचो. वहीत त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर. चहा, डबा, पगार, पोरांची आजारपणं, सगळ्यावर बोललो. डोंगराचा शब्द त्यानं पुन्हा कधी काढला नाही. विश्रामगृहातलं कॅलेंडर कुणी तरी उतरवलं. खुंटीवरची छत्री पावसाळ्यात उघडायची, अक्षरं फिकट व्हायची, पुढच्या वर्षी तो ती पुन्हा रंगवायचा.

तर परवा त्या पोरानं विचारलं, सगळ्यात चांगला मोसम कोणता? किसन वहीत रेघा मारत होता. मान वर न करता, तंबाखूची डबी पुढं सरकवावी इतक्या सहज म्हणाला, "मला काय ठावं, गड्या? आमचा बा म्हणायचा उन्हाळा. भादव्यातलं माधवरावांना इचार. ते जाऊन आलेत."

पोरगं माझ्याकडं वळलं. मी उठून बाहेर गेलो.

किसनची बदली झालीय. महिनाअखेरीस तो नांदेडकडं जाणार. त्या रात्री मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून एवढंच मनाशी घोळवत होतो की आता बोललो नाही तर दर भादव्याला ही तार एकट्या माझ्या दाराशी येऊन उभी राहील, आणि ती घ्यायला किसन इथं नसेल.

सकाळी पायऱ्या उतरलो. बारीक पाऊस होता. किसन खालच्या पायरीवर, छत्री खांद्याला टेकवून, वही पोटाशी धरून. माझी चाहूल लागली तसा म्हणाला, "या. दोन बोटं चढलंय." मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. पाण्यावर एक कोळ्याची होडी होती, पलीकडचा काठ पावसात पुसट झाला होता.

"त्या पोराला सांगितलं का मंग?"

"नाही."

"मला तरी सांगा." तो पट्टीकडंच बघत होता. "भादव्यात कसा दिसतो डोंगर?"

"दिसलाच नाही. तीन दिवस धुकं होतं. एकदाही दिसला नाही."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं पुरतं वळून बघितलं. राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मंग गेलतात कशाला, माधवराव?"

पाऊस वाढला, वही भिजायला लागली, त्यानं छत्री वहीवर धरली आणि तो स्वतः भिजत राहिला. मी म्हणालो, "किसनराव, ती तार खोटी होती. आई धडधाकट होती. तुम्हाला कळलंय हे मला दिवाळीपासून माहीत होतं, तरी मी तुमच्याशेजारी बसून जेवत राहिलो. डोंगर तुमच्या बाचा होता. त्यांना तुमच्याबरोबर जायचं होतं. तो मी चोरून बघायला गेलो, आणि तुम्हाला त्यांच्या मातीला जाता आलं नाही. माझ्यामुळं. माझं चुकलं, किसनराव. मला माफ करा."